चिनारांची पानगळ: श्रीनगरातल्या कोणत्या बागेला किती वेळ द्यावा

काश्मीरची पानगळ बघायची म्हणून निघालेल्यांची पहिली चूक पॅकेज घेतानाच होते. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक सहलींचा साचा उन्हाळ्यातला असतो. गुलमर्गला एक-दोन रात्री, पहलगामला दोन, सोनमर्गला एक दिवस, आणि श्रीनगरात उतरल्या दिवशी दुपारी ‘मुघल गार्डन’ म्हणून तीन बागा तीन तासांत. एप्रिल-मेमध्ये हे ठीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र नेमकं उलटं करायला हवं. गुलमर्गच्या उतारांवर फर आणि पाइनची जंगलं आहेत, ती बाराही महिने हिरवी. चिनार हे खोऱ्याच्या तळाचं झाड, आणि जुने, भरदार चिनार मोठ्या संख्येनं एकत्र बघायचे तर श्रीनगरलाच राहायला हवं. पाच रात्री हाताशी असतील तर चार श्रीनगरात काढा. टूरवाला ऐकत नसेल तर स्वतः गाडी आणि हॉटेल ठरवा, अवघड काही नाही.

आता तारखा. ऑक्टोबरच्या मध्याला श्रीनगरातला चिनार अजून हिरवाच असतो, फक्त पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात. शेवटच्या आठवड्यात झाडं पिवळी आणि हळदी होतात. नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस हा खरा भर: तांबूस, शेंदरी, काथ्याचा रंग. त्यानंतर आठवडाभर झाडापेक्षा जमीन जास्त रंगलेली असते, आणि २० नोव्हेंबरच्या पुढे फांद्या बऱ्याचशा उघड्या पडतात. एकच तारीख निवडायची तर ३ ते १० नोव्हेंबरमधली निवडा.

आपल्याकडे सुट्टी मिळते ती दिवाळीत, आणि दिवाळी दरवर्षी सरकते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे शाळेची सुट्टी आणि चिनार यांचा मेळ अगदी नेमका बसतो. २०२७ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस येते. सुट्टीचा उत्तरार्ध पकडला तर चालेल. २०२८ ला ती १७ ऑक्टोबरच्या सुमारास आहे. त्या वर्षी दिवाळीत श्रीनगरला गेलात तर हिरवी झाडं बघून परत याल, रजा वेगळी काढावी लागेल.

रंगाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. समाजमाध्यमांवरच्या फोटोंत चिनार कुंकवासारखा लालभडक दिसतो. तो रंग बराचसा फोनमधल्या फिल्टरचा असतो. प्रत्यक्षात चिनार तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो, आणि ऊन पलीकडून आलं तरच पेटल्यासारखा. ढगाळ दुपारी तेच झाड तपकिरी, निस्तेज वाटतं. रंग दरवर्षी सारखा नसतो, त्याचंही कारण आहे. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की पानातलं हरितद्रव्य मोडत जातं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र नव्यानं तयार होतो: दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी असली की पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. म्हणून कोरडा, उन्हाचा ऑक्टोबर गेला तर चिनार छान तांबूस होतात; पावसाळी गेला तर पान पिवळ्यावरून थेट तपकिरीवर जातं. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, पाण्याच्या ओढीनं होणारी. कोशिंबाचा जो लाल रंग मार्चमध्ये सह्याद्रीत दिसतो तो कोवळ्या पालवीचा. काश्मीरच्या हरूदचा लाल रंग पिकल्या पानाचा. हरूद म्हणजे तिथला शरद.

बागांमध्ये पहिला क्रमांक नसीम बागेला, आणि पॅकेजांत हीच नेमकी नसते. दल सरोवराच्या पश्चिम काठावर, हजरतबल दर्ग्याला लागून, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात ती आहे. लावणी अकबराच्या काळातली मानतात. इथं पाण्याचे पाट नाहीत, कारंजी नाहीत, फुलांचे वाफे नाहीत. ओळींत लावलेले, कित्येक माणसांच्या कवेत न मावणारे चिनार आणि खाली पाचोळा. कुठलीही बाग बघितली नाही तरी चालेल, पण ही चुकवू नका.

इथं सकाळीच जायचं. ऊन पूर्वेकडून, तळ्यावरून तिरपं येतं आणि बुंध्यांच्या मधून आत शिरतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. सव्वासातला पोहोचा आणि साडेनऊपर्यंत थांबा. दव असेपर्यंत पाचोळा पायाखाली वाजत नाही, दहाच्या सुमारास वाळला की कुरकुरायला लागतो. रात्री दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं असेल तर आणखी एक गोष्ट बघायला मिळते: वारा अजिबात नसताना, ऊन लागताच एकेक पान सुटून खाली यायला लागतं. देठाच्या बुडाशी सुटण्याचा थर आधीच तयार झालेला असतो, त्यात अडकलेलं बर्फ वितळलं की पानाला धरून ठेवणारं काही उरत नाही. हे अर्धा-पाऊण तास चालतं. विद्यापीठाचं आवार असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा, वर्गांपाशी गोंगाट करू नका, आणि मुलामुलींचे फोटो न विचारता काढू नका. शुक्रवारी दुपारी हजरतबलच्या नमाजाला मोठी गर्दी असते, रस्ते तुंबतात. शक्य असेल तर नसीम बाग दोन वेगवेगळ्या सकाळी बघा. चार दिवसांत तिचं रूप पालटलेलं असतं.

निशातचं गणित बरोबर उलटं. ही बाग दलच्या पूर्व काठावर आहे आणि तिच्या पाठीशी झबरवानचा डोंगर. त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत ती सावलीतच असते. सहलीची बस सकाळी नऊला इथं आणून सोडते तेव्हा फोटो निळसर, मलूल येतात ते यामुळेच. दुपारी तीनला जा आणि पाचपर्यंत राहा. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. नूरजहानचा भाऊ आसफ खान यानं १६३३ मध्ये ही बाग बांधली, बारा राशींचे बारा टप्पे धरून. आत शिरल्यावर मधल्या पाटाशी रेंगाळण्यापेक्षा आधी सरळ वरच्या टप्प्यावर जा आणि मग तळ्याकडे तोंड करून उतरत या. पश्चिमेचं ऊन पानांच्या पलीकडून येतं, प्रत्येक पानाची शीर न् शीर दिसते, आणि खाली दलचं पाणी चमकत असतं. खालून वर चढताना ऊन पाठीशी असतं, तेव्हा याच्या निम्मंही दिसत नाही.

निशातची अडचण पायऱ्यांची. टप्प्यांमधल्या दगडी पायऱ्या उंच आहेत आणि ओल्या पानांनी निसरड्या होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना घेऊन गेलात तर त्यांना खालच्याच टप्प्यांवर बसवा, तिथेही मोठे चिनार आहेत. रबरी, खाचा असलेल्या तळव्यांचे बूट हवेत, चपला नकोत. आणि एक सांगायला हवं: दुपारी चारच्या सुमारास निशातला खूप गर्दी होते, फेरन, म्हणजे काश्मिरी लांब झगा, अंगावर चढवून फोटो काढून देणारे मागे लागतात. एकदा स्पष्ट, सौम्य शब्दांत नको म्हटलं की पुरे.

शालिमार जहांगीरनं १६१९ मध्ये बांधली, पुढं शाहजहाननं वाढवली. इतिहास आणि काळ्या संगमरवराची बारादरी यांसाठी ती महत्त्वाची. पानगळीसाठी निशातच्या खालोखाल. पण ती बरीचशी सपाट आहे, मधल्या पाटाच्या दोन्ही बाजूंनी चिनारांच्या रांगा सरळ चालत जातात, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी हीच सर्वांत सोयीची. दीड तास पुरतो. पाट आणि कारंजी या दिवसांत बंद असू शकतात, तेव्हा पाण्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो मिळेलच असं धरून चालू नका.

चश्मेशाही लहान आहे, झऱ्याचं पाणी प्यायचं आणि निघायचं. त्याच रस्त्यानं वर परी महालला जा, दारा शुकोहच्या काळातली वास्तू. तिथं चिनाराखाली उभं राहायचं नसतं, चिनार वरून बघायचे असतात: खाली पूर्ण दल, पलीकडे शहर, आणि हिरव्या-करड्या पसाऱ्यात ठिकठिकाणी गंजाच्या रंगाचे पुंजके. त्यातला मोठा पुंजका नसीम बागेचा, ओळखायला येतो. रस्त्यावर सुरक्षा तपासणी असते, त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा.

दलमधलं चार चिनार हे बेट पानगळीसाठी म्हणून शिफारस करण्यासारखं नाही. झाडं मोजून चार, मूळच्यांपैकी काही वाळल्यावर नवी लावलेली. संध्याकाळच्या शिकाऱ्याची फेरी म्हणून जरूर जा. शिकाऱ्याचे सरकारी दर घाटावर फलकावर लिहिलेले असतात. बसण्याआधी फेरीत कुठपर्यंत नेणार आणि किती वेळ, एवढं बोलून घ्या. बहुतेक वाद दरावरून होत नाहीत, वेळेवरून होतात.

फुकटात आणि निवांत चिनार हवे असतील तर झेलमचा बंध. लाल चौकाजवळून नदीकाठानं ही पायवाट जाते, बाजूला जुने चिनार, आणि सकाळी फिरायला आलेली स्थानिक माणसं. वाटेत एखाद्या कांदुराच्या, म्हणजे भट्टीवाल्याच्या दुकानातून गरम गिर्दा, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, घ्या आणि नून चाय. ती खारट असते हे माहीत नसलं तर पहिला घोट दचकवतो.

एखादं पान हातात घेऊन नीट बघा. तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं, पाच-सात खोल खाचांचं, थोडं चामड्यासारखं. रंग कडेकडून आत येतो, शिरांच्या लगतचा हिरवा सर्वांत शेवटी जातो, म्हणून अर्धं पिकलेलं पान नदीच्या नकाशासारखं दिसतं. आता देठाचं टोक बघा. ते पोकळ असतं, टोपणासारखं. पुढच्या वर्षीची कळी त्या टोपणाखाली झाकलेली होती; पान गळालं की ती फांदीवर उघडी राहते. झाडाकडे बघितलंत तर दोऱ्यात ओवल्यासारखी लटकलेली गोल फळं दिसतील, ती पानं गेल्यावरही राहतात.

गळलेली पानं तिथं कचरा मानली जात नाहीत. बायका पोत्यांत भरून नेतात, जाळतात आणि पुरती राख व्हायच्या आत पाणी शिंपडून विझवतात. जो कोळसा उरतो तो कांगडीत, म्हणजे जवळ बाळगायच्या छोट्या शेगडीत, भरायचा, हिवाळाभर फेरनच्या आत तीच ऊब. संध्याकाळी हवेत धूर साठतो तो काही अंशी याचा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं आणि सूर्यास्तानंतर बाहेर फार थांबू नये.

पांपोरला एक सकाळ द्यायलाच हवी, कारण केशराचा फुलोरा आणि चिनाराचा रंग साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकत्र येतात. श्रीनगरपासून ही शेतं पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर. फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढायच्या आत खुडली जातात, त्यामुळे अकराला पोहोचलात तर मातीच बघाल. आठपर्यंत पोहोचा. वाफ्यांमधल्या सऱ्यांतूनच चाला. फूल जमिनीपासून चार बोटं वर असतं, पाय पडला की गेलं. एका फुलात तीन तांबडे तंतू, आणि किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, तेव्हा स्वस्त केशर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. विकत घेताना दोन तंतू कोमट पाण्यात टाकून बघा. पाणी हळूहळू सोनेरी पिवळं होतं आणि तंतू तांबडाच राहतो, तर ठीक. पाणी झटकन लाल झालं आणि तंतू पांढरा पडला, तर तो रंगवलेला.

दक्षिणेकडे एक पूर्ण दिवस काढता आला तर पहलगामपेक्षा बिजबिहाडा आणि अच्छाबल निवडा. बिजबिहाडा चिनारांचंच गाव म्हणून ओळखलं जातं, झेलमच्या काठी तिथं दारा शुकोहच्या नावाची बाग आहे, आणि पर्यटक जवळपास नसतात. वाटेत अवंतीपूरच्या नवव्या शतकातल्या मंदिरांचे अवशेष. अच्छाबलच्या मुघल बागेत झऱ्याचं पाणी जोरात वाहत असतं. पहलगामला जायचंच असेल तर ऑक्टोबरच्या मध्याला जा: ते श्रीनगरपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथले सफेदे, म्हणजे पॉप्लर, आणि लिद्दर नदीकाठची विलो आधी पिवळी होऊन आधी गळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी भर असतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पहलगाममध्ये आरू, चंदनवाडीसाठी स्थानिक युनियनचीच गाडी घ्यावी लागते, श्रीनगरची टॅक्सी स्टँडवर थांबते. हा खर्च वेगळा धरा. एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद करून पुढं टप्प्याटप्प्यानं उघडली गेली. निघण्याआधी आठवडाभर आपल्या यादीतलं प्रत्येक ठिकाण खुलं आहे ना, हे हॉटेलकडून विचारून घ्या.

पोहोचायला मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यामुळे रेल्वेनंही पूर्ण प्रवास होतो: वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूपर्यंत आणि तिथून कटरा. कटरा ते श्रीनगर साधारण तीन तास. मधली गाडी उशिरा आली तर पुढची चुकू नये म्हणून कटऱ्यात एक रात्र ठेवा. विमानानं गेलात तरी खोऱ्यातली साधी लोकल गाडी एकदा पकडा. श्रीनगर स्टेशन शहराच्या दक्षिणेला नौगामला आहे. तिथून अनंतनागच्या बाजूला बसलात की पांपोर, अवंतीपूर, बिजबिहाडा करत गाडी जाते, आणि खिडकीतून सफेद्यांच्या पिवळ्या भिंती व सफरचंदाच्या बागा तासभर सरकत राहतात. तिकीट अगदी किरकोळ.

काही गोष्टी इथूनच करून निघा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. ड्रोन घरी ठेवा. कपड्यांचं म्हणाल तर दुपारी १५ ते १८ अंश आणि पहाटे तीन-चारच्या खाली, कधी शून्याजवळ, त्यामुळे एक जाड जाकीट घेण्यापेक्षा आत गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सकाळच्या नसीम बागेसाठी हातमोजे आणि कानटोपी लागतेच.

मुक्कामाची जागा ठरवताना ‘हीटिंग आहे का’ एवढंच विचारू नका, ‘आमच्या तारखांना सुरू असेल का’ हे विचारा. बऱ्याच हॉटेलांत ते थंडी वाढल्यावरच चालू करतात. हाऊसबोट रात्री दमट आणि गार असते. बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, आणि विजेचं पांघरूण दोन्ही आहेत याची खात्री करा. नोव्हेंबरात भारनियमन सुरू होऊ शकतं, तेव्हा जनरेटरवर पांघरूण चालतं का हेही. लहान मुलं किंवा वृद्ध बरोबर असतील तर हाऊसबोटीवर एकच रात्र, बाकी हॉटेल. निशात-शालिमारच्या बाजूला राहिलात तर दुपारची बाग जवळ, पण नसीम बागेला सकाळी लवकर पोहोचायचं तर हजरतबलची बाजू बरी.

हवामान सगळा बेत उधळू शकतं. पश्चिमी झंझावात आला आणि दोन दिवस वारा-पाऊस झाला की रंग भरातली पानं एका रात्रीत खाली येतात. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बर्फ पडला. पानांनी भरलेल्या फांद्यांवर बर्फ साचून झाडं मोडली, विमानं अडकली. म्हणून परतीच्या विमानानंतर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं ठरवू नका. पावसाचा अंदाज दिसला तर मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी नसीम बाग उरकून घ्या, नंतरसाठी राखू नका. पाऊस पडूनच गेला असेल तरी निराश होऊ नका: ओल्या पाचोळ्याचा रंग कोरड्यापेक्षा गडद दिसतो, आणि काळ्या बुंध्यांवर तो उठून येतो.

पानं घरी न्यायची तर नुकतीच पडलेली, मऊ उचला. वाळून वळलेलं पान पिशवीतच चुरा होतं. फांदी तोडू नका. चिनार संरक्षित आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. पान रुमालानं पुसून वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये सपाट ठेवा, त्यावर हॉटेलातलं जाड काहीतरी, आणि दुसऱ्या दिवशी कागद बदला, नाहीतर ओलाव्यानं काळे डाग पडतात. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर सामान उतरवून तपासतात, म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी निघा आणि पानांचं पुस्तक बॅगेत वरच्या बाजूला ठेवा, खाली दाबलं गेलं तर देठ मोडतात.